सात गोलांच्या आधीची ४२ मिनिटं

५ मार्च २०२३, लिव्हरपूलचं फुटबॉल मैदान ॲनफिल्ड. लिव्हरपूल ७, मँचेस्टर युनायटेड ०. आज हा सामना पहिल्या शिट्टीपासून पुन्हा पाहिला. गोल सगळ्यांना पाठ आहेत, पण पहिली ४२ मिनिटं कुणी बघत नाही. तोवर खेळ जवळपास बरोबरीचा होता. युनायटेडच्या ब्रुनो फर्नांडिसचा हेडर बाहेर गेला. त्यांच्याच कासेमिरोने चेंडू जाळ्यात घातला, तर ऑफसाइड, म्हणजे गोल बाद.

४३व्या मिनिटाला लिव्हरपूलच्या रॉबर्टसनने डावीकडून आत पास सरकवला. त्याच्या अंगावर कुणी गेलंच नाही, त्यामुळे मान वर करून बघायला वेळ मिळाला. गाकपो उजव्या पायावर वळला आणि चेंडू लांबच्या कोपऱ्यात.

खरा सामना संपला तो ४७ ते ५० या मिनिटांत. आपल्याच डाव्या बाजूला युनायटेडला चेंडू नीट बाहेर काढता आला नाही, तो फिरून एलियटकडे आला, त्याचा बाजूने गोलसमोर क्रॉस, नुन्येसचा हेडर. दोन गोल मागे पडल्यावर थोडं थांबून बचावफळी सावरायची असते. युनायटेडने उलट माणसं पुढे पाठवली. हल्ला तुटला तेव्हा मागे मोकळं रान. सालाहने युनायटेडचा बचावपटू लिसांद्रो मार्तिनेसला एका वळणात जमिनीवर बसवलं, पास गाकपोला, ३–०. सातांतला हाच गोल मला सगळ्यात देखणा वाटतो.

पुढचं नुसतं कोसळणं. गोल कितव्या मिनिटाला: सालाह ६६, नुन्येस ७५, सालाह ८३, फर्मिनो ८८. सालाहचे प्रीमियर लीगमध्ये (इंग्लंडची अव्वल साखळी स्पर्धा) लिव्हरपूलसाठी १२९ गोल झाले, क्लबचा जुना खेळाडू फाउलरचा १२८ चा विक्रम मोडला. फर्मिनो बदली म्हणून उतरला होता. हंगामाअखेर तो क्लब सोडणार ही बातमी नुकतीच आली होती, त्यामुळे सातव्या गोलाला स्टँडमधून उठलेला आवाज निराळाच.

युनायटेडने आदल्याच रविवारी वेम्बलीवर लीग कप जिंकला होता, हे विशेष. इतका मोठा पराभव त्यांनी याआधी १९३१ मध्ये वुल्व्ह्ज या क्लबकडून खाल्ला होता, तोही ०–७. लिव्हरपूलचा त्यांच्यावरचा जुना सर्वांत मोठा विजय ७–१, साल १८९५!

आकड्यांत बघायचं तर लिव्हरपूलचे गोलच्या दिशेने फटके आठ, त्यातले सात आत. असा नेम दर आठवड्याला लागत नाही. पुढच्याच शनिवारी बोर्नमथमध्ये सालाहने पेनल्टी बाहेर मारली आणि लिव्हरपूल ०–१ हरलं. हंगाम संपला तेव्हा लीगच्या तक्त्यात युनायटेड तिसरं, लिव्हरपूल पाचवं.