स्केचबुक अपडेट: बोरू, बुरुज आणि बाराबंदी

सध्या दोन वह्या चालू आहेत. एक नकलांची, तिच्यात फक्त दुसऱ्यांची चित्रं बघून काढायची. दुसरी माझी. ती घेऊन बाहेर पडलो की नकलांची वही घरी, आणि मोबाईलवरही काही उघडायचं नाही. एवढा एकच नियम, पण फरक दिसायला लागलाय.

नकलांच्या वहीत व्हॅन गॉगची १८८८ मधली, फ्रान्समधल्या आर्ल गावची रेखाटनं आहेत. ती त्यानं बोरूनं, म्हणजे तासलेल्या काडीच्या लेखणीनं केलीत, म्हणून मीही एक बोरू तासून घेतला. फाउंटन पेननं ती काढताना सगळं लक्ष ठिपके आणि फटकारे जुळवण्यात जात होतं. बोरू हातात आला आणि कळलं, त्यात शाई टिकतच नाही. चार-दोन फटकारे झाले की परत दौतीत. बुडवल्यावरचा पहिला गडद, ओला; शेवटचा कोरडा, खरबरीत. म्हणजे त्या आखूड रेषांतलं बरंचसं काम हत्यारानंच केलंय, तेवढं घोटत बसण्यात अर्थ नाही. उचलायचं ते दुसरंच: शेताला एक खूण, झाडाला दुसरी, मोकळ्या जमिनीला नुसते ठिपके. कशाला काय द्यायचं हे तो ठरवतो.

तेवढंच घेऊन सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यावर गेलो, माझ्या नेहमीच्या पेननिशी. बुरुजाचे सगळे दगड काढले तर गोलाई जाते, सपाट भिंत उरते. म्हणून दगड फक्त ऊन-सावलीच्या सीमेवर काढले, उन्हाची बाजू कोरी सोडली. सिद्धेश्वर तलावाच्या पाण्याला आडव्या तुटक रेषा, बस्स. माझ्या रेषा कोपऱ्यात जुळत नाहीत, त्या तशाच ठेवल्यात. सोबत येणारे एक काका दरवेळी म्हणतात, "अहो, कोपरे बंद करा की!" नाही करणार. सोलापूरच्या उन्हात कडा तशाच दिसतात मला.

चित्रकार एम. एफ. हुसेन तर आपल्याच जिल्ह्यातले, जन्म पंढरपूरचा. मुंबईत सुरुवातीला सिनेमाची होर्डिंग्ज रंगवायचे. त्यांची ती ठसठशीत बाह्यरेषा गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांच्या, म्हणजे खांद्यावर पेलायच्या उंच काठ्यांच्या मिरवणुकीसाठी घेऊन पाहिली. आकृत्या झकास उभ्या राहिल्या, पण माणसं हुसेनची वाटत होती, आपल्याकडची नाही. मग बाह्यरेषा खांद्यापुरती ठेवली, जिथं काठीचा भार पेलला जातो तिथं. बाकी बाराबंदी म्हणजे कोरा कागद. त्यावर छातीवरच्या बंदांची गाठ आणि काखेतली सावली. पांढऱ्या कपड्याला याहून जास्त शाई लागत नाही.

आता इंद्रभुवन काढायचंय, आपल्या महापालिकेची ती जुनी इमारत. तिथलं नक्षीकाम बघता यावेळी बोरूच न्यावा म्हणतोय. कोरडा फटकारा नक्षीला चालून जाईल बहुतेक. कुणी केलं असेल तर कागद कोणता वापरला ते सांगा; माझ्या वहीचा फार शाई पितो.