गिटारचा आवाज गोल करताना: तारा निवडण्याचा माझा अनुभव

आमच्याकडे भावगीतं वहिनी गातात आणि गिटारवर साथ मी करतो. घरगुती बैठका, सोसायटीचा गणपती, फार तर दिवाळी पहाटेला दोन-तीन गाणी, एवढाच आमचा पसारा. तबलजी मिळाला तर मिळाला, नाहीतर नुसती गिटार. ती ड्रेडनॉट आकाराची, मोठ्या पोटाची आहे. वरची फळी स्प्रूस लाकडाची, पण अखंड नाही, प्लायची. वाजते दणदणीत, आणि तक्रार नेमकी तिथेच होती. वहिनींनी एकदा तालमीत सरळ सांगितलं, "भाऊजी, मी हळू सूर लावते ना, तेव्हा तुमची गिटार माझ्या डोक्यावर बसते. जरा गोल नाही का वाजणार ती?"

मी हळू वाजवून पाहिलं. आवाज कमी झाला, टोचणी गेली नाही. शब्दांतले स, श, च जिथे ऐकू येतात, साधारण त्याच उंचीवर तारांची खणखण येऊन बसत होती. म्हणजे प्रश्न आवाज मोठा असण्याचा नव्हता, त्याच्या पोताचा होता. गिटार बदलायची ऐपत आणि इच्छा दोन्ही नव्हत्या. तारा बदलणं हाच स्वस्तातला मार्ग होता.

तेव्हा गिटारवर ८०/२० ब्राँझचा सेट होता. ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त, म्हणजे खरं तर पितळच. रंग पिवळाधमक, आवाज लखलखीत. सहलीला दहाजण मिळून गातात तेव्हा या तारा झकास वाटतात. दुकानात सर्रास मिळणारा दुसरा प्रकार फॉस्फर ब्राँझचा. त्यात तांबं साधारण ९२ टक्के, उरलेलं बहुतेक कथील आणि अगदी चिमूटभर फॉस्फरस. रंग तांबूस. डी'अ‍ॅडारिओ कंपनीने १९७४ मध्ये अकूस्टिक गिटारसाठी या तारा आणल्या, आणि आता कुठल्याही दुकानात 'जरा वॉर्म द्या' म्हटलं की हेच पाकीट पुढे येतं. मी जाडी आधीचीच ठेवली, १२ चा सेट. पहिली तार इंचाच्या १२ हजारांश जाडीची, सहावी ५३. जाडी तीच, म्हणजे फरक पडला तर तो धातूचाच.

फरक पडला. खालच्या, म्हणजे खर्जाच्या जाड तारांना भरीवपणा आला, सुटी (बोटाने न दाबलेली) सहावी तार छेडली की पोटातून घुमायला लागली. मी खूश. वहिनींनी एक कडवं गाऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं आहे, पण ते टिंगटिंग अजून आहेच."

मग मी त्यांना गायला बसवलं आणि नुसत्या खालच्या चार तारांवर साथ केली. "हे छान." नंतर नुसत्या वरच्या दोन तारा. "हेच ते!" सुटलं कोडं. सेटमधल्या सहा तारांपैकी तिसरी ते सहावी या चार तारांवरच ब्राँझची गुंडाळी असते. पहिली आणि दुसरी म्हणजे नुसती पोलादी तार, वर कथलाचा पातळ मुलामा. तुम्ही ८०/२० घ्या नाहीतर फॉस्फर ब्राँझ घ्या, या दोन तारा त्याच. आणि टोचत होत्या त्याच दोन! पाकिटावर धातूचं नाव ठळक छापलेलं असतं त्यामुळे सगळी चर्चा त्याभोवतीच फिरते, पण तो धातू दोन-तृतीयांश गिटारपुरताच आहे. दुकानदाराने हे सांगितलं असतं तर माझा एक फेरा वाचला असता, पण बहुधा त्यालाही कुणी विचारलं नसेल.

इथून माझं लक्ष त्या दोन तारांवर गेलं. आधी फुकटचे उपाय केले. तारा छेडायची पातळ, लवचिक पिक (प्लास्टिकची चकती) बाजूला ठेवून जाड आणि गोलसर टोकाचं घेतलं. पातळ पिकाची स्वतःची एक चटचट असते, ती गेली. हात ब्रिजपासून (पोटावर तारा अडकवलेल्या असतात तिथून) सरकवून भोकाच्या पलीकडे, जिथे डाव्या हाताची बोटं तारा दाबतात त्या फिंगरबोर्डच्या टोकाजवळ नेला. हळुवार गाण्यांना पिक टाकून अंगठ्याच्या मांसल भागाने वाजवायला लागलो. सेट बदलून जेवढा फरक पडला होता, त्याहून या गोष्टींनी जास्त पडला, हे कबूल करायला तारा विकणाऱ्यांना आवडणार नाही. पण लयीत जोराने वाजवायची वेळ आली की अंगठा पुरत नाही, आणि पिक हातात आलं की पहिली तार पुन्हा डोकं वर काढी.

एका मित्राने नायलॉनच्या तारा लावायचा सल्ला दिला. तो ऐकू नका. स्टीलच्या तारांसाठी बांधलेल्या गिटारची फळी आणि आतल्या पट्ट्या जास्त ताणाच्या हिशेबाने केलेल्या असतात. नायलॉनचा ताण तिला नीट हलवतच नाही. उलटं तर त्याहून वाईट: क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा लावल्या तर ब्रिज उखडून येऊ शकतो.

त्याऐवजी मी सिल्क अँड स्टीलचा सेट आणला. जाड तारांच्या मधोमध पोलादी तार, तिच्याभोवती रेशमाचे किंवा हल्ली नायलॉनचे धागे, आणि वरून चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याची गुंडाळी. ताण कमी, बोटांना लोण्यासारख्या मऊ. पहिल्या संध्याकाळी घरात वाजवलं तेव्हा वाटलं, संपलं काम. तंबोऱ्याची जवारी बंद करून घेतल्यावर सूर जसा झाकल्यासारखा येतो, तसा आवाज. वहिनी डोळे मिटून गात होत्या.

दिवाळी पहाटेला मात्र सोसायटीच्या अंगणात तबला सुरू झाला आणि गिटार गायब. माइक होता, पण तो वाढवला की शिट्टी मारायचा. मी जोर लावला तर तारा फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, थडथडायला लागल्या, कारण ताण कमी म्हणजे तारेची झेप मोठी. पुढच्या ओळीतले एक काका कार्यक्रमानंतर म्हणाले, "गिटार छान हलत होती हातात." घरात एकट्या गायकाबरोबर वाजवायचं असेल तर या तारा मी आजही सुचवीन. तालवाद्याबरोबर नाही.

मोनेलच्या तारांबद्दल ऐकून होतो. निकेल आणि तांब्याचा मिश्रधातू, निकेल साधारण दोन-तृतीयांश. मार्टिन कंपनी 'रेट्रो' नावाने विकते. एका ओळखीच्याच्या गिटारवर तासभर वाजवल्या. कोरडा, जुन्या रेकॉर्डसारखा आवाज, खणखण खरंच कमी. पण त्याची गिटार अखंड लाकडाची होती आणि मुळातच बोलकी. माझ्या प्लायच्या फळीवर त्या मुक्याच वाटल्या असत्या असा माझा अंदाज, आणि किंमत बघून तो अंदाज मी तपासला नाही.

उत्तर शेवटी भलतीकडूनच मिळालं: पट्टीकडून. वहिनींची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी. मी आजवर चौथ्या घरात (दोन फ्रेटमधल्या जागेत) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चाप, लावून ई कॉर्डचे आकार वाजवत होतो, कारण ते हाताला सोपे. पण चौथ्या घरात कॅपो लावला की ६५ सेंटिमीटरच्या आसपास असलेली तार ५१-५२ वर येते. मुळातच टोकदार असलेली तार आणखी आखूड करून मी वाजवत होतो, आणि वर तारांना दोष देत होतो.

मग फॉस्फर ब्राँझच्याच तारांवर कॅपो काढला आणि अख्खी गिटार अर्ध्या स्वराने उतरवली. सहावी तार ई ऐवजी ई फ्लॅट, बाकीच्या त्याच हिशेबाने. आता ए कॉर्डचा आकार धरला की काळी चार वाजते. पूर्ण लांबीच्या तारा, सुटे खर्ज मिळतात, हात खाली राहतो. एखादी पाहुणी गायिका काळी पाचवर गाणारी असली तर दुसऱ्या घरात कॅपो, विषय संपला.

अर्धा स्वर उतरवला की प्रत्येक तारेचा ताण साधारण ११ टक्क्यांनी कमी होतो. १२ च्या पूर्ण सेटचा गिटारवरचा ताण एरवी सुमारे ७३ किलो असतो, तो ६५ वर आला. खालच्या चार तारांना ते मानवलं. वरच्या दोन थोड्या लुळ्या पडल्या, आणि हीच संधी होती. सुटी तार मागितली तर बहुतेक दुकानांत मिळते, पहिली तार सगळ्यात जास्त तुटते म्हणून ती ठेवलेलीच असते. मी १२ च्या जागी १३ ची पहिली तार आणि १६ च्या जागी १७ ची दुसरी तार घेतली. हिशेब असा: त्याच सुरात जाड तारेचा ताण जाडीच्या वर्गाने वाढतो. १७ ची तार अर्धा स्वर उतरवून लावली की तिचा ताण मूळ सुरातल्या १६ च्या तारेइतकाच भरतो. १३ ची किंचित जास्त. म्हणजे बोटांना ताण ओळखीचा, पण तार जाड. एक हजारांश इंच म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा हिस्सा, डोळ्यांना दिसतही नाही. कानाला पहिल्या छेडीलाच कळलं. टिंग जाऊन तिथे टण आला.

लावताना एक अडचण आली ती सांगतो, कारण जाड तार घेणाऱ्या प्रत्येकाला ती येते. दुसरी तार सुरात आणताना खुंटी फिरवतोय, सूर हलत नाही, हलत नाही, आणि मग एकदम 'टिक' आवाज करून पुढे उडी. नटमधली (खुंट्यांच्या बाजूला तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्यातली) खाच जुन्या बारीक तारेपुरतीच कोरलेली, त्यात जाड तार अडकत होती. तार सैल करून खाचेतून बाहेर काढली, मऊ शिशाची पेन्सिल खाचेत दोन-चार वेळा घासली, शिसं आत बसलं, तार परत ठेवली. आता सुरळीत सरकते. एवढ्याने भागलं नाही तर खाच कानसायला कारागिराकडे द्या. घरी कानस लावू नका, खाच खोल गेली की सुटी तार खडखडते आणि नट नवीन बसवावं लागतं. ब्रिजच्या बाजूला, तारेच्या टोकाचा पितळी मणी तार अडकवणाऱ्या पिनच्या टोकावर टेकलेला नाही ना ते बघा. पिन दाबताना तार वर ओढून धरली की मणी सरकून लाकडाला भिडतो. तसं केलं नाही तर ताण येताच पिन उडते.

नळी, म्हणजे मान, थोडीशीही वाकली नाही, एकूण ताण आधीपेक्षा कमीच असल्यामुळे ट्रस रॉडला (मानेतल्या, तिचा वाक सांभाळणाऱ्या सळईला) हात लावावा लागला नाही. मूळ सुरातच १३ चा अख्खा सेट चढवला असता तर गोष्ट वेगळी होती.

राहिला पावसाळा. डोंबिवलीच्या दमट हवेत साध्या फॉस्फर ब्राँझच्या तारा लवकर काळवंडतात, गुंडाळीच्या फटीत घाम आणि मळ बसतो. त्यानेही आवाज मऊ होतो खरा, आणि काहीजण मुद्दाम जुन्या तारा ठेवतात. मला तो मऊपणा नको, कारण त्याच्याबरोबर सूरही बिघडतो: सुटी तार बरोबर आणि बाराव्या घरात चढी. एलिक्सर कंपनीच्या लेप दिलेल्या तारा बऱ्याच जास्त टिकतात. त्यातही जाड लेपाच्या पॉलीवेब मऊ आणि पातळ लेपाच्या नॅनोवेब चमकदार. गोल आवाज हवा असेल त्याने पाकिटावरचं हे नाव वाचूनच घ्यावं. मी मात्र साध्याच तारा लावतो आणि वाजवून झालं की जुन्या धोतराच्या फडक्याने वरून-खालून पुसतो. स्वस्त ऑनलाइन पाकिटाच्या नादी एकदा लागलो होतो. नावाजलेल्या कंपनीसारखं दिसणारं पाकीट, पण ताणताना तिसऱ्या तारेचा पीळ मण्यापाशीच सुटला. तेव्हापासून दुकानातून, सीलबंद पाकीट हातात घेऊन बघूनच.

सध्या गिटारवर फॉस्फर ब्राँझच्या चार तारा २४, ३२, ४२, ५३ आणि वर पोलादी १३, १७ आहेत, सगळं अर्धा स्वर उतरवून. वहिनींची गिटारबद्दलची तक्रार आता एवढीच आहे की कॉर्ड बदलताना बोटं तारांवरून घासली की 'चुंई' असा आवाज येतो. तो गुंडाळीचा आहे, आणि त्यावर तार बदलणं हा उपाय नाही. बोट उचलून ठेवायची सवय करतोय.