इन-सेमला तीस पैकी सहा

एम-वनच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या गणिताच्या, इन-सेमला (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) मला ३० पैकी ६ मार्क पडले. बारावीला गणितात ८८ घेऊन आलेला मी. त्या रात्री घरून फोन आला तेव्हा "पेपर बरे गेले" म्हणालो आणि बोलणं परतीच्या पावसावर नेलं.

२०२३ साली बार्शीहून पुण्याला इंजिनिअरिंगला आलो. कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न. राहायला नारायण पेठेत कॉट बेसिसवर, एका खोलीत चौघं. मेसचे पैसे भरायच्या आधी खाडा धरतात का, म्हणजे न जेवलेल्या दिवसाचे पैसे वजा करतात का, ते विचारून घ्या, आणि रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या बहुतेक मेस बंद असतात हेही लक्षात ठेवा. मला ते पहिल्याच रविवारी कळलं आणि वडापाववर झोपलो.

पहिले दोन महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावी-बारावीची पुस्तकं इंग्रजीत असली तरी आमचे सर शिकवायचे मराठीतच. इथे सर "एनी डाउट्स?" म्हणायचे आणि मी मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत फळा पुसलेला असायचा. इन-सेमला पहिली दोन युनिट असतात. रोलचा थिअरम जमायचा, पण फूरिए सिरीज सुरू झाली आणि मी नुसतं उतरवून घ्यायला लागलो. वही मात्र सुंदर होती.

मार्क कळल्यावर खोलीतला भुसावळचा मित्र म्हणाला, "काबरं विचारत नाही भो? मराठीत विचार ना." हे मला खरंच सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वही घेऊन स्टाफरूमच्या दाराशी दहा मिनिटं घुटमळलो, मग आत गेलो. सरांनी मराठीतच उत्तर दिलं. माझी गाडी फूरिएत अडलीच नव्हती. बारावीचं इंटिग्रेशन कच्चं होतं, आणि सम-विषम फलन ओळखलं की अर्धी आकडेमोड वाचते हे तर गावीच नव्हतं. म्हणून सांगतो, एखादा विषय अंगावर आला तर आधी बारावीचं पुस्तक काढा. मी माझं रद्दीत घालून आलो होतो, मग अप्पा बळवंत चौकातून, पुण्याच्या भाषेत एबीसीतून, जुनं विकत घेतलं. (नोटीस बोर्डावर "एबीसी आयडी काढा" वाचून मी त्या चौकाचंच काहीतरी असेल असं समजलो होतो. तो अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे आपले क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा बारा अंकी नंबर असतो, डिजिलॉकरवर निघतो.)

इंजिनिअरिंग ग्राफिक्सच्या ड्रॉइंग शीट मात्र मी जीटी मारून, म्हणजे काचेवर दुसऱ्याच्या शीटवरून ट्रेस करून दिल्या. दोन बादल्यांवर काच, खाली मोबाईलचा टॉर्च. सगळेच मारतात. पुढे परीक्षेत स्वतः प्रोजेक्शन काढायची वेळ आली तेव्हा त्या टॉर्चची फार आठवण झाली.

एम-वनच्या एंड-सेमला, म्हणजे सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेला, इन-सेमचे सहा धरून पास व्हायला ७० पैकी ३४ हवे होते, २९ पडले. बॅक, म्हणजे विषय राहिला. आता वर्ष गेलं असं समजून मी दोन दिवस जेवलो नाही. एका विषयाने वर्ष जात नाही, हे सीनियर दादाने हसत सांगितलं. त्यानेच उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवायला लावली. ती बघून वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने. मॅट्रिक्सचं गणित मी शेवटच्या पानावर कच्चं सोडवून पुढे फक्त उत्तर लिहिलं होतं. मार्क तर पायऱ्यांना असतात! रीव्हॅल्युएशनला टाकलं नाही. पुढच्या खेपेला प्रत्येक ओळ लिहिली, तेव्हा विषय सुटला.

शिष्यवृत्तीचं दुखणं वेगळंच. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शाहू महाराज शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून मी निर्धास्त झालो होतो. तो कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो, तिथे तपासला जातो, आणि कागद खटकला तर परत येतो. माझ्या उत्पन्नाच्या दाखल्याचं स्कॅन अस्पष्ट होतं. फॉर्म परत आल्याचा मेसेज वडिलांच्या साध्या फोनवर गेला, आणि त्यांनी कंपनीचा समजून सोडून दिला. महिनाभराने मीच सहज लॉगिन करून बघितलं म्हणून मुदतीत दुरुस्ती झाली. नंबर स्वतःचा द्या आणि दर आठवड्याला स्टेटस बघा.

एवढं करून जूनमध्ये मित्रांचा हप्ता जमा झाला, माझा नाही. ऑफिसात चार खेपा मारल्या. शेवटी एका मॅडमनी विचारलं, "आधार कुठल्या खात्याला जोडलंय?" पुण्यात उघडलेल्या खात्याला, असं मी छातीठोक सांगितलं. मग आधारच्या वेबसाइटवर बघितलं तर तिथे नाव बार्शीच्या बँकेचं, जिथे शाळेत असताना झिरो बॅलन्सचं खातं काढलं होतं. हे पैसे फॉर्मात लिहिलेल्या खात्यात येतीलच असं नाही, आधार ज्याला जोडलंय त्यात येतात.

वडील बँकेत गेले, पासबुक भरून घेतलं आणि बाहेर पायरीवर बसून मला फोनवर आकडे वाचून दाखवले. हप्ता आला होता, तीन आठवडे झाले होते. त्याच फोनवर मी बॅकचंही सांगून टाकलं. इन-सेमच्या सहा मार्कांसकट.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं. पाऊस हाय का तिकडं?"