तळ्याच्या कडव्याखालचा डी

कॉयर आणि ऑर्केस्ट्रा पहिल्यांदा एकत्र बसतात त्या तालमीची मला कायम धास्ती असते. तोवर कॉयरने कित्येक आठवडे पियानोवर सराव केलेला असतो. पियानोचा सूर ठोक पडतो, तो कानावर आला की आपला सूर धरायचा, ही सवय अंगात मुरलेली असते. ऑर्केस्ट्रात तोच सूर क्लॅरिनेटकडून येतो, आणि क्लॅरिनेटला अक्षरशः शांततेतून उगवता येतं. सूर सुरू कधी झाला तेच गाणाऱ्याला कळत नाही.

मी संगीत दिलेली ही कविता पाच कडव्यांची. रानातलं एक तळं आणि त्यावर येणारा पाऊस, एवढाच विषय. पाऊस पडतो चौथ्या कडव्यात. तिसऱ्यात नुसती वाट पाहणं आहे: वारा पडलाय, पान हलत नाही, पाण्यावर तरंग नाही. मला या कवितेत सगळ्यात जास्त हवं होतं ते हे तिसरं कडवं.

निसर्गकवितेला संगीत देताना पहिला मोह होतो तो आवाज काढून दाखवण्याचा. पावसाला व्हायोलिनचा पिझिकातो, म्हणजे बोटाने छेडलेली तार, गडगडाटाला टिंपनी, पाखराला बासरी. बेथोव्हनच्या सहाव्या सिंफनीचा पहिला प्रयोग १८०८ साली झाला. तिच्याविषयी त्यानेच म्हटलंय की यात चित्र रंगवण्यापेक्षा भावना व्यक्त करणं अधिक आहे. तरी दुसऱ्या भागाच्या अखेरीस बासरी, ओबो आणि क्लॅरिनेटवर तीन पक्षी बोलतातच. मला त्याहून जवळची वाटते ती त्याची १८१५ सालची रचना, गटेच्या समुद्रावरच्या दोन कवितांची, कॉयर आणि ऑर्केस्ट्रासाठी केलेली. पहिल्या कवितेत समुद्र निपचित पडलाय. शिडाच्या जहाजांच्या काळात वारा पडणं म्हणजे भर समुद्रात अडकून पडणं. कॉयर दबक्या आवाजात गात असतो आणि पाण्याच्या अफाट विस्ताराच्या शब्दावर एकदम उंच, मोठ्याने उसळतो. त्या उसळीत जी भीती आहे ती कुठल्याही लाटेच्या आवाजात आली नसती.

म्हणून तिसऱ्या कडव्यात मी सगळी वाद्यं थांबवली होती. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास, म्हणजे स्त्रियांचे उंच-खालचे आणि पुरुषांचे उंच-खालचे असे कॉयरचे चार गट; त्या चौघांनी पियानिसिमोत, अगदी हळू, नुसतं गायचं. डी मेजर, बी मायनर, ई मायनर, ए मेजर आणि परत डी, अशी कॉर्डची, म्हणजे एकत्र लागणाऱ्या सुरांच्या जुळण्यांची, फेरी, तीनदा. मग चौथं कडवं उघडताना चार हॉर्न.

तालमीत कडवं फार सुंदर गायलं गेलं. आणि हॉर्न आले तेव्हा सगळ्या हॉलचे दात आंबले. कॉयर निम्म्या सेमीटोनने तरी खाली सरकला होता. सेमीटोन म्हणजे पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. एका आल्टो गायिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, आपलंच चुकतंय.

तिचं काही चुकत नव्हतं. सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग. पियानोवर मेजर थर्ड, म्हणजे सा ते शुद्ध ग एवढं अंतर, ४०० सेंटचा असतो, शुद्ध थर्ड ३८६ चा. चांगल्या कानाचे लोक वाद्याशिवाय गायला लागले की शुद्धाकडे ओढले जातात, कारण तिथे सुरांची थरथर थांबते. प्रत्येक कॉर्ड शुद्ध लावायचा आणि आधीच्या कॉर्डमधला सामाईक सूरही तसाच धरायचा, असं करत या फेरीतून गेलं की मूळ डीवर परतताना साधारण २२ सेंट हरवतात. तीन फेऱ्यांत ६० च्या वर. त्यातून आवाज हळू, म्हणजे श्वासाचा आधार आपसूक ढिला. कॉयर जितका चांगला ऐकणारा, तितका तो इथे उतरणार.

मी हे सांगितल्यावर मंडळींचे चेहरे निवळले, पण उपाय काही निघाला नव्हता. कंडक्टर म्हणाले, "ताई, हे कडवं वाद्यांशिवाय उभं राहणार नाही. स्ट्रिंग्ज खालून जोडू या, नाहीतर दोन फेऱ्या कापू या." मला दोन्ही नको होतं. स्ट्रिंग्ज जोडल्या की ते नेहमीसारखं साथीचं गाणं झालं असतं, आणि फेरी कापली की वाट पाहणंच संपलं.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात मागच्या रांगेतले डबलबासवाले काका, मान खाली घालूनच, मोकळ्या डी तारेवर गज ओढत राहिले. गज तारपट्टीच्या वर, दाब जवळजवळ नाही. ७३ हर्ट्झचा तो सूर कानाला कमी आणि पायाखालच्या फळीला जास्त कळत होता. कंडक्टरांनी बोलणं थांबवलं आणि कॉयरला खूण केली.

तानपुऱ्यावर वाढलेल्या माणसाला यात नवीन काही सांगायला नको. खाली षड्ज आहे म्हटल्यावर वरचे कितीही फिरले तरी घर सापडतं. पण कॉर्ड बदलत असताना खालचा सूर तसाच राहिला की काही ठिकाणी घर्षण होतं, आणि ते ज्या जागी झालं त्याने मी थक्क झाले. ए मेजरमधला सी शार्प त्या डीला घासतो. कवितेत 'वाट' हा शब्द नेमका त्या कॉर्डवर आहे. एरवी ए मेजर आला की आता सुटका होणार हे कानाला कळतं. इथे सुटकेच्या आधीचा ताण तीनही वेळा खोल होत गेला. पाण्याचा एकही आवाज न काढता खाली पाणी आहे हे कळलं. हॉर्न आले, सुरात आले, आणि ती आल्टो गायिका मोठ्याने हसली.

कंडक्टरांना चेलोही हवे होते. मी नाही म्हटलं. चेलोला स्वतःचा चेहरा आहे, तो आला की ऐकणारा त्याच्याकडे वळतो. डबलबासचे दोघे आलटून पालटून गज बदलतील, म्हणजे सूर तुटणार नाही, एवढंच ठरलं, आणि काकांनी ते दोन्ही पार्टवर पेन्सिलीने लिहूनही टाकलं.

पुढे चौथ्या कडव्यात लगेच दुसरं काम निघालं. तिथे सोप्रानो वरच्या ए वर जातात, ८८० हर्ट्झ. इतक्या उंचीवर ई आणि ऊ ओळखूच येत नाहीत, म्हणून तिथे 'आ' येईल अशी शब्दांची मांडणी मी आधीच केली होती. पण आता हॉर्न इतके नीट लागत होते की सोप्रानोंचं पहिलं अक्षरच त्यांच्याखाली झाकलं जात होतं. दुसरा आणि चौथा हॉर्न त्या बारपुरते काढले, उरलेल्या दोघांचा जोरदार फोर्टे मध्यम जोराचा मेझोफोर्टे केला आणि पाचव्या कडव्याला हात घातला.