मेन स्विच बंद केला तेव्हा

‘रात्री साडेनऊनंतरच या,’ असं सांगणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं. पण आजोबांचं म्हणणं रास्त होतं. मी रेडिओ दुरुस्त करणारा. तक्रार होती, शनिवारचा अखिल भारतीय संगीत कार्यक्रम रेडिओवर नीट ऐकू येत नाही, तर तपासणीही शनिवारी रात्रीच व्हायला हवी. 1952 पासून आकाशवाणीवर चालत आलेला हा कार्यक्रम आजोबा शाळेत असल्यापासून ऐकत होते.

डोंबिवलीतलं हे कुटुंब माझ्या जुन्या ओळखीचं. त्यांची इमारत तीन मजली होती तेव्हा गॅलरीत वर्ल्डस्पेसची चौकोनी अँटेना मीच बसवली होती. आग्नेयेकडे तोंड, साधारण पंचेचाळीस अंश वर. वर्गणी भरून घ्यायचा उपग्रह रेडिओ तो, आणि त्यावर ‘गंधर्व’ नावाचं हिंदुस्थानी संगीताचं स्वतंत्र चॅनेल. खाजगी एफएम मुंबईत 2002 मध्येच आलं होतं, पण परवान्यांच्या लिलावात एवढा पैसा ओतल्यावर ख्यालासारखं संथ गाणं कोण लावणार? दर चार मिनिटांनी जाहिरात घ्यायची, तर तेवढ्यात विलंबित, म्हणजे संथ, एकतालाची जेमतेम चार आवर्तनं होतात. भारतातलं वर्ल्डस्पेस 31 डिसेंबर 2009 ला बंद पडलं आणि आजोबा मुकाट्याने मिडियम वेव्हवर परतले.

आता त्याच जागी टॉवर झालाय, घर अकराव्या मजल्यावर. ट्रान्झिस्टर लावला तर नुसती घरघर. झाकण उघडलं. फेराइट रॉड, कॉइल, गँग, स्टेशन पकडणारं सगळं ठाकठीक. सेट चालू ठेवून घरभर फिरलो. टीव्हीपाशी घरघर वाढायची, हॉलमधल्या फॉल्स सीलिंगखाली तर कान किटायचे.

“वहिनी, मेन स्विच बंद करू का जरा?”

अंधार झाला. सेट सेलवर चालणारा. घरघर एकदम बसली आणि खालून तानपुरा वर आला, मग गायकाचा मध्यम, स्वच्छ. कुणी हललं नाही. “बागेश्री,” आजोबा म्हणाले. वहिनींच्या हातात पोळ्यांचा डबा तसाच. मला काम पुढे न्यायचं होतं, पण सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येईपर्यंत मीही थांबलो.

मग एकेक एमसीबी, म्हणजे घराच्या एकेका भागाची वीज तोडणारा स्विच, चढवत गेलो. फ्रिज निर्दोष. सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर थोडा दोषी. खरे गुन्हेगार सीलिंगमधल्या एलईडींचे स्वस्त ड्रायव्हर, म्हणजे दिव्यांना वीज पुरवणारे छोटे डबे. ते सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतात आणि त्याचा कचरा थेट मिडियम वेव्हच्या पट्ट्यात पडतो. एफएमला त्याचा फारसा त्रास नाही, पण एफएमवर बागेश्री कुठली! बरं, ड्रायव्हर बदलून देता येतात. शेजाऱ्यांचे कसे बदलणार? लिफ्ट हलली की सेट पुन्हा तडतडायचा, तोही माझ्या हातातला विषय नव्हता.

नातवाच्या फोनवर आकाशवाणीचं ॲप टाकलं, स्पीकर जोडला आणि ‘रागम’ लावून दिलं. 26 जानेवारी 2016 ला सुरू झालेली, हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताची चोवीस तासांची वाहिनी.

“चोवीस तास?” आजोबा विचारात पडले. “मग माणसाने आंघोळीला जायचं कधी?”

शेवटी तोडगा निघाला. एरवी ॲप, शनिवारी रात्री मात्र हॉलचे दिवे बंद आणि ट्रान्झिस्टर चालू. वहिनींनी लगेच होकार दिला. त्यांची मालिका शनिवारी नसते.