तुम्ही विचारलेत म्हणून: हलक्या रायफलीवर स्कोप कोणता?

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर राहणारे आणि नुकताच शस्त्रपरवाना मिळालेले मराठी स्नेही मला नेहमी एकच प्रश्न विचारतात: "डोंगरात न्यायला तीन किलोंच्या आतली रायफल घेतली आहे, तिच्यावर किती मोठा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, बसवू?" भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि ती तशीच राहावी, असे मला मनापासून वाटते. इथली गोष्ट वेगळी आहे. तांबडी हरणे आणि मूळचे हिमालयातले ताहर (शेळीसारखे रानटी जनावर) ही जनावरे माणसाने इथे आणून सोडली. ताहर तर १९०४ साली माउंट कुकच्या पायथ्याशी सोडले गेले, आणि आज ते उंचावरची मूळ वनस्पती खाऊन उतार उघडे पाडतात. त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्यात शिकाऱ्यांचाही वाटा असतो.

माझे उत्तर असे, की हलक्या रायफलीवर आधी स्कोपचे वजन पाहावे, मग नेम धरताना डोळा आणि स्कोप यांच्यात राहणारे अंतर, आणि तो किती पट मोठे दाखवतो हे सर्वांत शेवटी. माझ्या पहिल्या हलक्या रायफलीवर मी चार ते सोळा पटींचा, पन्नास मिलिमीटर भिंगाचा, पाऊण किलोचा स्कोप बसवला होता. भिंग मोठे, म्हणून स्कोप रायफलीवर पकडून ठेवणाऱ्या रिंगा उंच घ्याव्या लागल्या. रिंगा उंच, म्हणून गाल दस्त्यावर नीट टेकेना. आणि सगळा भार वर गेल्यामुळे हातात धरून चालताना रायफल सारखी कुशीवर वळायची. पैसे मोजून वाचवलेले अर्धा किलो वजन मी पुन्हा पैसे मोजूनच तिच्यावर चढवले होते.

डोळ्यापासूनच्या अंतराकडे फार कमी जण लक्ष देतात. तेच काडतूस चार किलोंच्या रायफलीऐवजी अडीच किलोंच्या रायफलीतून उडवले, तर मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दीडपटीहून अधिक होते. त्यात चढावर पालथे पडून वरच्या जनावरावर नेम धरला, की डोके आपोआप पुढे सरकते. अशाच एका चढावर स्कोपच्या कडेने माझी भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरले आणि दुसरी गोळी झाडण्याचा प्रश्नच उरला नाही. तेव्हापासून पूर्ण चित्र दिसत असताना डोळा आणि स्कोप यांच्यात निदान नऊ सेंटिमीटर अंतर राहत नसेल, तर तो स्कोप मी हलक्या रायफलीसाठी विचारातच घेत नाही.

आता पटींविषयी. बीच नावाच्या झाडांच्या दाट जंगलात तीस मीटरवर हरीण उभे राहिले आणि स्कोप चुकून सोळा पटींवर राहिला असेल, तर भिंगात फक्त तपकिरी केस दिसतात. खांदा कुठला आणि मांडी कुठली, हे कळत नाही. उघड्या डोंगरावर ताहरवर दोनशे-अडीचशे मीटरवरून गोळी झाडायला सहा पटी मला पुरल्या आहेत. पहाटे आणि संध्याकाळी तर कमी पटींचाच फायदा होतो, कारण भिंगाच्या व्यासाला पटींनी भागले की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते: छत्तीसच्या भिंगाला सहा पटींवर सहा मिलिमीटर, पण पन्नासच्या भिंगाला सोळा पटींवर जेमतेम तीन. अंधुक उजेडात हा फरक लगेच जाणवतो.

लांबचे स्पष्ट दिसावे म्हणून जास्त पटी हव्यात, असे कोणी म्हणाले की मी अस्वस्थ होतो. जनावर ओळखण्यासाठी गळ्यात दुर्बीण असते. स्कोपमधून शोध घेणे म्हणजे ओळख पटण्याआधीच नळी रोखणे, आणि समोरच्या झुडपामागे माणूस असू शकतो. लक्ष्याची निःसंशय ओळख पटवा, हा इथल्या शस्त्रसुरक्षेच्या सात नियमांपैकी एक आहे आणि तो मोडल्यामुळे इथे माणसे मेली आहेत.

अंतरानुसार नेम वर-खाली करायला स्कोपवर असतात त्या फिरवायच्या मोठ्या चकत्यांचीही मला गरज वाटत नाही. माझी सेव्हन एमएम-झिरो एट काडतुसाची रायफल दोनशे मीटरवर झिरो केलेली आहे, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमावर लागते. गोळी शंभरावर पाच-सहा सेंटिमीटर वर आणि अडीचशेवर सुमारे दहा सेंटिमीटर खाली लागते. त्याहून लांबच्या जनावरावर मी गोळी झाडत नाही, जवळ जातो.

सध्या माझ्या रायफलीवर सहा पटींचा, छत्तीसच्या भिंगाचा, तीनशे ग्रॅमच्या आसपासचा साधा स्कोप आहे. एक ते दोन पटींपासून सात-आठपर्यंत जाणारा, साडेतीनशे ग्रॅमपर्यंतचा स्कोपही तुम्हाला चालेल. जंगलात शिरताना तो सर्वांत कमी पटींवर ठेवावा, एवढेच. मात्र विकत घेण्यापूर्वी डोंगरात घालता तेच जाड जॅकेट अंगात घालून दुकानात जा. रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करून घ्या, सुरक्षित दिशेला नळी ठेवून डोळे मिटून ती खांद्याला लावा, गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. मान न हलवता काळी कड नसलेले पूर्ण वर्तुळ दिसले नाही, तर आधी रिंगा बदलून पाहा, आणि तरीही दिसले नाही तर दुसरा स्कोप मागा.