इमूचं अंडं आणि चांदी

आज अ‍ॅडलेडच्या आर्ट गॅलरीत एका इमूच्या अंड्यासमोर बराच वेळ उभी होते. खरं अंडं, गडद हिरवं, दाणेदार, चांदीत मढवलेलं. बाजूला चांदीचं नेच्याचं झाड, कांगारू, आणि खाली भाला धरलेला बोटाएवढा आदिवासी माणूस, त्याच्या पायाजवळचं गवतसुद्धा सुटं सुटं दिसतं. कारागीर वेंट, १८५४ मध्ये जर्मन भागातून इथे आला आणि रंडल स्ट्रीटवर दुकान थाटलं.

मैत्रीण म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखाच की गं, बाहेरून येऊन सेटल झालेला!"

हसले मी, पण ते डोक्यातून जाईना. काम अफाट आहे, वादच नाही. परक्या मुलखात येऊन इथलंच अंडं, इथलेच प्राणी घेऊन इथल्या श्रीमंतांना आवडेल असं काहीतरी घडवायचं, पोटासाठी कुणीही करेल. पण शहर ज्यांच्या जमिनीवर उभं राहिलं त्या कौर्ना लोकांना तेव्हा इथून हुसकावणं चालू होतं आणि दिवाणखान्यात मात्र चांदीचे आदिवासी मांडले जात होते, हे कसं काय चालायचं लोकांना?

माझ्या फ्रिजवर पण बूमरँगचा मॅग्नेट आहे म्हणा. इथे घर घेताना ही जमीन कुणाची होती हे आपल्यापैकी कुणी विचारलंय का?